नाव नसलेला कैदी : कुतच्या वेढ्याबद्दल वाचताना

मागच्या वेळी आपण पहिल्या महायुद्धातल्या भरतीबद्दल बोललो होतो. कोकणातून आणि साताऱ्याकडून माणसं कशी पलटणीत गेली, का गेली, तो भाग झाला. आज त्याच माणसांच्या मागोमाग थोडं पुढे जायचं आहे. ही माणसं हरली, पकडली गेली, तेव्हा त्यांचं काय झालं? आणि दुसरा प्रश्न, जो आम्हाला जास्त छळतो : त्यांचं काय झालं हे आपल्याला कळतं ते कोणाच्या तोंडून?

युद्धकैद्याची आठवण वाचणं हे एक वेगळंच वाचन असतं. लढाईच्या वर्णनात नकाशा असतो, बाण असतात, हा सरसावला, तो मागे हटला असं असतं. कैद्याच्या आठवणीत नकाशा संपतो. तिथे असतं काय, तर भाकरीचा तुकडा, फाटका बूट, पाण्याची पखाल, शेजारचा आजारी माणूस. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी बरेचदा हा भाग ‘मानवी बाजू’ म्हणून शेवटच्या प्रकरणात टाकतो. आज आपण ते उलटं करू.

आजची जागा आहे कुत-अल-अमारा. इराकमध्ये बगदादच्या खाली, टायग्रिस नदीच्या वळणावर वसलेलं गाव. तीन बाजूंना नदी, चौथी बाजू उघडी.

पुण्याची डिव्हिजन

इराकशी आपला संबंध काय, असं कोणाला वाटेल. संबंध सरळ आहे. कुतमध्ये अडकलेल्या फौजेचं नावच सहावी पूना डिव्हिजन. शांततेच्या काळात तिचं ठाणं पुण्यात. १९१४ च्या नोव्हेंबरात तिचे पहिले जवान इराणच्या आखाताच्या तोंडाशी, फाओला उतरले आणि त्याच महिन्यात बसरा घेतलं. या डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या : १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. त्यांच्याबरोबर पंजाबी, राजपूत, गुरखा होते आणि नॉरफोक, डॉर्सेट अशा इंग्रज पलटणीही होत्या. आपल्या मराठा शिपायाला त्या काळी सैन्यात टोपणनाव होतं ‘गणपत’. म्हणजे गोरा शिपाई जसा ‘टॉमी’, तसा आपला ‘गणपत’. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी ते पुन्हा लागणार आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९१५ च्या एप्रिलमध्ये जनरल टाउनशेंड डिव्हिजनचे सेनापती झाले. जूनमध्ये अमारा घेतलं, सप्टेंबरात कुत. मग बगदादचा मोह सुटला. बगदाद पडलं की जगभर नाव होणार. पण बसऱ्यापासून शेकडो मैल आत, नदीतल्या अपुऱ्या बोटींच्या भरवशावर, पुरेशी औषधं नाहीत, डॉक्टर नाहीत, अशा अवस्थेत फौज पुढे ढकलली गेली. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफोनला लढाई झाली. चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. फौज मागे फिरली आणि ३ डिसेंबरला कुतमध्ये परतली. चार दिवसांत तुर्कांनी वेढा पूर्ण केला.

टेसिफोनच्या जखमींचं काय झालं, तेही एका वाक्यात सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्याचं बीज त्यात आहे. त्यांना सपाट बोटींवर उघड्यावर घालून दिवसेंदिवस नदीतून खाली नेलं. बसऱ्याला अशी एक बोट आली तेव्हा मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरने तिची अवस्था लिहून वरिष्ठांना कळवली. जखमा कुजलेल्या, माणसं स्वतःच्या घाणीत पडलेली. वरिष्ठांनी काय केलं? बोटीऐवजी आधी डॉक्टरलाच धारेवर धरलं. पुढे १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, खळबळ उडाली आणि भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. पण ते नंतर. तोपर्यंत कुतमधली माणसं तुर्कस्तानात पोचलेली होती. जी पोचली ती.

दोन आजार, एक वेढा

वेढा १४७ दिवस चालला. बाहेरून सोडवणुकीचे प्रयत्न झाले : शेख साद, हन्ना, दुजैला, सन्नैयात. या प्रयत्नांत वीस हजारांहून जास्त माणसं कामी आली किंवा जखमी झाली. म्हणजे आत जितकी अडकली होती त्याहून जास्त माणसं त्यांना बाहेर काढताना खर्ची पडली. विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली, त्यातली काही नदीत गेली. एप्रिलच्या शेवटी ‘जुलनार’ नावाची बोट धान्य भरून रात्री पाठवली, ती अडकली. वाटाघाटीत लाखो पौंडांची रक्कम देऊ केली गेली. त्या कामी गेलेल्यांत टी. ई. लॉरेन्स होते, तेच पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले. तुर्कांनी पैसे नाकारले.

आता आतल्या माणसांकडे या. कुतच्या वैद्यकीय नोंदींमधली एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. एकाच वेढ्यात, एकाच उपासमारीत, दोन वेगळे आजार झाले. गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाला. भारतीय शिपायांना स्कर्व्ही झाला. का? गोरे शिपाई पांढऱ्या मैद्याचा पाव खात होते. धान्याच्या वरच्या सालीत जे जीवनसत्त्व असतं ते त्यात नाही, म्हणून बेरीबेरी. आपले शिपाई जाडंभरडं पीठ आणि डाळ खात होते, त्यामुळे ते त्यातून वाचले. पण ताजं काही नाही, भाजी नाही. गोरे घोड्याचं मांस खायला लागले आणि स्कर्व्हीपासून बरेचसे वाचले. आपल्यांनी घोड्याचं मांस नाकारलं आणि त्यांच्या हिरड्या सुजून दात हलायला लागले, जुन्या जखमा भरेनात. पुढे गोऱ्यांच्या पावात जाडं पीठ मिसळलं आणि त्यांचा बेरीबेरी कमी झाला. म्हणजे, भाकरी एकाला वाचवत होती आणि मांस दुसऱ्याला.

आता हीच गोष्ट अधिकाऱ्यांच्या पुस्तकांत कशी येते पाहा. तिथे सूर असा : हट्टी लोक, धर्माच्या खुळापायी उपाशी राहिले, त्यामुळे फौज कमकुवत झाली. टाउनशेंड यांचा स्वतःचा सूर जवळपास हाच आहे.

पण शिपायाच्या बाजूने विचार करा. त्याला भीती कशाची होती? देव रागावेल याची असेलही. पण त्याहून मोठी भीती गावाची. त्या काळच्या नोंदींमध्ये शिपायांचं म्हणणं आलं आहे : आम्ही हे खाल्लं हे गावात कळलं तर आम्हाला वाळीत टाकतील, आमच्याशी सोयरीक कोण करणार? मंडळी, हे खूळ नाही. हा हिशेब आहे. ज्या माणसाला अजून घरी परत जायची आशा आहे, तोच असा हिशेब करतो. भारतातल्या धर्मगुरूंकडून ‘खायला हरकत नाही’ असे निरोप बिनतारी यंत्रावरून मागवले गेले, तरी बरेच जण थांबून राहिले, कारण गावातला भटजी आणि भावकी काही बिनतारी निरोप वाचत नव्हती. एप्रिलमध्ये जेव्हा मूठभर पिठावर दिवस काढायची पाळी आली आणि वरून सक्तीही झाली, तेव्हा हजारोंनी खाल्लं. तोवर उशीर झालेला होता. काहींनी रानातला पाला खुडून शिजवला, त्यात विषारी पालाही निघाला.

एकच घटना, दोन वाचनं. इथेच आपल्या आजच्या विषयाची गोम आहे.

शरणागती आणि वाट

२९ एप्रिल १९१६ ला कुत शरण गेलं. लढणारे आणि त्यांच्याबरोबरचे भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले, आचारी असे मिळून तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. त्यांतली साधारण दहा हजार भारतीय. अगदी मरणाला टेकलेल्या हजाराहून अधिक आजाऱ्यांना अदलाबदलीत बसऱ्याकडे पाठवलं. गावातल्या ज्या अरबांनी इंग्रजांना मदत केली असा संशय होता, त्यांतल्या काहींना तुर्कांनी फासावर चढवलं. हा भाग कुतच्या कथेत फार लवकर उरकला जातो, म्हणून मुद्दाम सांगितला.

सेनापती टाउनशेंड यांचं काय झालं? त्यांना इस्तंबूलला नेलं. शहरासमोरच्या बेटांवर बंगला, नोकरचाकर, फिरायला मोकळीक. त्यांचा ‘स्पॉट’ नावाचा कुत्रा तुर्कांनी सौजन्याने इंग्रजांच्या बाजूला सुखरूप पोचवला. कैदेत असतानाच सरकारने त्यांना ‘सर’ केलं.

आणि शिपाई? शिपायांना आधी नदीच्या वरच्या अंगाला शुमरानला नेऊन बसवलं. तिथे खायला मिळाली तुर्की सैन्याची दगडासारखी बिस्किटं. महिनोन् महिने उपाशी असलेल्या आतड्यांनी ती कशी सोसावी? पोट बिघडून त्या छावणीतच माणसं पटापट मेली. मग चाल सुरू. कुत ते बगदाद सुमारे १६० किलोमीटर, मे महिन्याच्या उन्हात. अधिकाऱ्यांना शिपायांपासून वेगळं काढलं होतं. म्हणजे ज्याच्या सांगण्यावर ही माणसं उठबस करत होती, जो त्यांच्या वतीने भांडू शकला असता, तोच जवळ नाही. बगदादपासून समऱ्यापर्यंत रेल्वे. तिथून पुन्हा पायी : तिक्रित, मोसुल, निसिबिन आणि मग रास-अल-ऐन, जिथे बगदाद रेल्वेचं पश्चिमेकडून आलेलं टोक होतं. हे आणखी सहाशे किलोमीटरच्या आसपास.

माणसं मेली ती कशाने, हे नीट समजून घेऊ. एका मोठ्या कत्तलीत नाही मेली. आधीच खंगलेलं शरीर, हगवण, ताप, पाण्याचे लांब टप्पे. त्यात बूट गेले. काहींचे पहारेकऱ्यांनी काढून घेतले, काहींनी एका भाकरीसाठी विकले. अनवाणी माणूस मागे पडतो. मागे पडलेला माणूस संपला. वाटेवर वाचण्याचं गणित इतकं साधं होतं.

जे पोचले त्यांना रेल्वेच्या कामावर लावलं. अमानस आणि टॉरस डोंगरांत बोगदे खणणं, रूळ टाकणं. भारतीय कैद्यांपैकी पुष्कळ जण रास-अल-ऐनच्या बाजूला होते. हे नाव जगाच्या इतिहासात आणखी एका कारणाने काळं आहे. याच वाटेने आर्मेनियन लोकांना देशोधडीला लावून वाळवंटात हाकललं होतं आणि १९१६ मध्ये रास-अल-ऐनच्या छावण्यांत त्यांची कत्तल झाली. आपले कैदी त्या वाटेने गेले, रिकामी घरं पाहिली, विहिरी पाहिल्या, वाचलेली बायकामुलं पाहिली. कोल्हापूर-रत्नागिरीकडचा माणूस विसाव्या शतकातल्या पहिल्या मोठ्या वंशसंहारांपैकी एकाच्या जागेवर जाऊन उभा राहिला होता, हे आपल्या कुठल्या शाळेच्या पुस्तकात आहे?

हिशेब असा : गोऱ्या शिपायांपैकी जवळजवळ ७० टक्के कैदेत मेले किंवा त्यांचा ठावठिकाणा लागला नाही. भारतीयांपैकी साधारण एक तृतीयांश. दोन्ही आकडे भयंकर आहेत. भारतीयांचा आकडा कमी का, याची कारणं सांगितली जातात : उन्हाची सवय, भाजी-भाकरीवर राहण्याची सवय, काही ठिकाणी भारतीयांना, विशेषतः मुसलमान शिपायांना, तुर्कांनी दिलेली बरी वागणूक. पण ‘आपले लोक काटक’ म्हणून छाती फुगवू नका. तीनातला एक परत आला नाही.

लिहिलं कोणी?

कुतबद्दल इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलं आहे. सँडिस, मौझली, डॉक्टर बार्बर अशा कितीतरी अधिकाऱ्यांची पुस्तकं युद्धानंतर लगेच आली, काही युद्ध चालू असतानाच आली. ती वाचावीत, त्यात बारकावे आहेत, वेदना खरी आहे. पण ती अधिकाऱ्याची कैद आहे. अधिकाऱ्याला पगार मिळत होता, खोली होती, कागद होता. शिपायाची कैद त्यांनी पाहिली ती बहुधा लांबून, रस्त्याच्या कडेला पडलेली.

भारतीयांच्या बाजूने दोन गोष्टी आपल्या हाती येतात, आणि दोन्ही बंगालीत. पहिली, कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी. हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कुतच्या वेढ्यात होते, आणि १९१७ मध्ये रास-अल-ऐनला कैदेतच वारले. त्यांची घरी लिहिलेली पत्रं त्यांच्या आजीने, मोक्षदादेवींनी, १९२८ मध्ये पुस्तकरूपाने छापली. त्या वेळी आजी ऐंशीच्या घरात होत्या! इंग्रजी सैन्याच्या गणवेशात असलेला हा माणूस १९१५ मध्येच पत्रातून विचारतो आहे की देशाभिमानाच्या नावाखाली दुसऱ्याचा देश बळकावणं म्हणजे काय. मुंबईहून सुटलेल्या फौजेतला डॉक्टर हे लिहीत होता.

दुसरे शिशिर सर्वाधिकारी. हे बंगाल अँब्युलन्स कोअरमधले स्वयंसेवक, अधिकारी नव्हेत. त्यांनी वेढ्यात आणि कैदेत रोजनिशी ठेवली. ती पकडली जाऊ नये म्हणून पानं फाडून बुटात लपवली, पाण्याने भिजली तेव्हा पुन्हा उतरवून काढली. त्यावरून लिहिलेलं पुस्तक स्वातंत्र्यानंतर दहाएक वर्षांनी कलकत्त्यात निघालं : ‘अभि ले बगदाद’. रास-अल-ऐन आणि अलेप्पोच्या इस्पितळांत ते काम करत होते. त्यांच्या लिखाणात आम्हाला सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू? त्यात शत्रू ‘शत्रू’ राहत नाही. मारहाण करणारा पहारेकरी आहे, आणि स्वतःच उपाशी असलेला तुर्की शिपाईही आहे. आर्मेनियन माणसांचं दुःख आहे, आणि ते पाहणाऱ्या कैद्याची स्वतःची असहायता आहे. आता मघाचं आठवा : ज्यांचे बूट गेले ती माणसं मेली. या माणसाने त्याच बुटात कागद जपले.

आणि मराठीत? तीन मराठा पलटणी तिथे होत्या. पण त्या कैदेवर मराठी शिपायाने लिहिलेलं पुस्तक आमच्या तरी वाचनात आलेलं नाही. कारण उघड आहे. बहुसंख्य शिपायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचं, ते सेन्सॉर वाचणार, मग गावात कोणीतरी वाचून दाखवणार. तीन माणसांच्या देखत तुम्ही किती खरं बोलाल? ‘मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवा’ इतकंच.

म्हणून वाचताना आम्ही एक सवय लावून घेतली आहे, तुम्हीही लावून घ्या. अधिकाऱ्याच्या पुस्तकात ‘माणसं थकली होती’, ‘काही मागे राहिली’ अशी वाक्यं येतात तिथे थांबायचं. मागे राहिली म्हणजे कोण? त्यांच्या पायात काय होतं? त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं कोणी जवळ होतं का? त्या वाक्यांत आपला गणपत आहे.

दगडावरचा आकडा

शेवटचा मुद्दा नावांचा. बसऱ्याजवळ या मोहिमेतल्या, ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा मृतांचं मोठं स्मारक आहे. चाळीस हजारांच्या वर माणसांचं. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलेलं आहे, साध्या शिपायाचंसुद्धा. भारतीयांमध्ये मात्र नावं फक्त अधिकाऱ्यांची. बाकीच्यांसाठी पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. इतके ‘इतर’. अशा आकड्यांत गेलेले भारतीय तीस हजारांहून अधिक. २०२१ मध्ये युद्धस्मृती आयोगाने स्वतःच्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी.

आपल्याकडेही काय वेगळं आहे? सातारा जिल्ह्यात, कोकणात अनेक गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी असते : या गावातून इतकी माणसं महायुद्धास गेली, पैकी इतकी कामास आली. नावं नाहीत. साताऱ्याजवळचं अपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले, आणि गावाला नावच पडलं ‘मिलिटरी अपशिंगे’. तिथे निदान आठवण जिवंत ठेवली आहे. पण कितीतरी गावांत त्या पाटीवर चुना मारलाय, सायकली टेकवल्यात.

श्रोत्यांचे प्रश्न

एका श्रोत्यांनी विचारलं : तुर्कांनी हे मुद्दाम केलं का?

उत्तर : क्रौर्य होतंच, पहारेकऱ्यांचं आणि काही छावण्यांच्या अधिकाऱ्यांचं. पण मोठा भाग बेपर्वाईचा. ज्या साम्राज्याला स्वतःच्या शिपायाला बूट पुरवता येत नव्हते, त्याने तेरा हजार उपाशी माणसं ताब्यात घेतली आणि त्यांना चालवत नेलं. कळत असूनही चालवत नेलं, ही जबाबदारी टळत नाही. पण एक लक्षात ठेवा, टेसिफोनच्या जखमींना बोटीवर कुजवणारं सरकार दुसरं होतं. शिपाई दोन्हीकडून स्वस्त होता.

दुसऱ्या एका ताईंनी विचारलं : आमच्या पणजोबांबद्दल घरात नुसतं ‘बसऱ्याला गेले’ एवढंच सांगतात. पुढे कसं शोधायचं?

उत्तर : ताई, ‘बसऱ्याला गेले’ हा पुष्कळ मोठा धागा आहे. त्या पिढीत इराकच्या सगळ्या मोहिमेला ‘बसरा’च म्हणत. घरात बिल्ला असेल तर तो पालथा घालू नका, त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. १०३, ११० किंवा ११७ दिसलं तर कुतचा विचार करा. १९२२ च्या फेररचनेत या पलटणी मराठा रेजिमेंटमध्ये गेल्या, तिचं केंद्र बेळगावला आहे, तिथे पत्र लिहा. युद्धस्मृती आयोगाच्या नोंदींत भारतीय शिपायांची नावं आता शोधता येतात. आडनावाने नाही सापडलं तर वडिलांच्या आणि गावाच्या नावाने पाहा, स्पेलिंग वेडंवाकडं असतं. आणि सगळ्यात आधी, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशी या आठवड्यात बोला. कागद अजून दहा वर्षं थांबतील, ती माणसं थांबणार नाहीत.

वेळ संपली. पुढच्या वेळी दुसऱ्या महायुद्धाकडे वळू, सिंगापूरच्या कैद्यांपासून सुरुवात करू. येताना आपापल्या गावच्या पाटीचा फोटो आणा. नमस्कार.